शास्ता डेझी (सातारा-सांगली भागातील लागवड)

सूर्यफूल कुळातील बहुवर्षायू फुलझाड. शास्त्रीय नाव ल्युकँथेमम × सुपर्बम. अमेरिकी पैदासकार ल्यूथर बरबँक यांनी अनेक जातींच्या संकरातून तयार केलेले हे झाड १९०१ मध्ये बाजारात आले. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो खरे तर अनेक फुलांचा फुलोरा असतो: कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी पांढरी किरणपुष्पके, मधल्या पिवळ्या चकतीत शेकडो बारीक फुले, म्हणजे बिंबपुष्पके.

थंड हवेचे हे झाड पाचगणी-महाबळेश्वरला मानवते. सांगली-मिरजेकडे उन्हाळा त्याला जड जातो, पण झाड हमखास दगावते ते पावसाळ्यात. कृष्णाकाठची भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि खोडाचा बुंधा कुजतो. म्हणून २० ते ३० सेंमी उंच गादीवाफा करावा. मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि दर चौरस मीटरला ४-५ किलो कुजलेले शेणखत मिसळावे. युरियाचा मारा केला तर पाला माजतो, दांडे लोळतात आणि फुले कमी येतात.

बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. ते साधारण दोन आठवड्यांत उगवते. रोपे ३० ते ४० सेंमी अंतरावर लावताना बुंधा मातीच्या पातळीतच ठेवावा. गाडला गेला तर तिथूनच कुज सुरू होते. उन्हाळ्यात उसाच्या पाचटाचे आच्छादन उत्तम, पण बुंध्यापासून चार बोटे लांब. पावसाआधी ते काढून टाकावे.

दुपारी मान टाकलेले झाड संध्याकाळी सावरले तर ते उन्हाने कोमेजलेले. माती ओली असूनही सावरत नसेल तर बुंधा तपासावा. तो तपकिरी, मऊ झाला असल्यास झाड मातीसकट काढून टाकावे. अशा वेळी आणखी पाणी घालणे ही सर्वात घातक चूक. कळ्यांवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसताच पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

सुकलेली फुले दांड्यासह खालच्या पानापर्यंत कापली की नवे दांडे येतात. दोन-तीन वर्षांत ठोंबाचा मधला भाग लाकडासारखा होऊन फुलणे थांबते. पाऊस सरल्यावर, वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती) असताना ठोंब उकरून मधला भाग टाकावा आणि कडेचे मुळांसह तीन-चार फुटवे एकत्र लावावेत. नामांकित वाणांच्या बियांतून मूळ वाण तसाच उतरत नाही, तो फुटव्यांतूनच टिकतो. त्यामुळे वाफ्यातले झाड पावसात दगावले तरी वाण हातात राहावा म्हणून जूनआधीच काही फुटवे कुंडीत लावून, पागोळ्या पडणार नाहीत अशा उजेडाच्या पडवीत ठेवावेत.