बाख यांचा लाइपझिगला विसर पडला नव्हता

१७५० मध्ये जर्मन संगीतकार बाख गेले, त्यांचं संगीत अडगळीत पडलं आणि १८२९ मध्ये संगीतकार मेंडेल्सनने बर्लिनमध्ये बाख यांची 'सेंट मॅथ्यू पॅशन' ही मोठी धार्मिक रचना सादर करून ते पुन्हा जिवंत केलं, असं आजही सांगितलं जातं. यातला बर्लिनचा कार्यक्रम खरा आणि मोठाही. पण बाख जिथे संगीतप्रमुख होते, त्या लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चची गायकमुलं बाख यांचे मोटेट, म्हणजे समूहगायनाच्या धार्मिक रचना, त्याआधीही गात होती. १७८९ मध्ये मोझार्ट तिथे आला, तेव्हा संगीतप्रमुख होते बाख यांचेच शिष्य डोलेस. मुलांनी दोन वृंदांत, आठ आवाजांत बाख यांचं 'झिंगेट डेम हेर्न' हे मोटेट गायलं. मोझार्ट इतका भारावला की त्याने स्वरलिपी मागितली. एकत्र प्रत नव्हती, म्हणून प्रत्येक आवाजाचे सुटे कागद भोवती पसरून तो वाचत बसला!