बाणाने शत्रूला फक्त बेशुद्ध करायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची वेळ

डंजन्स अँड ड्रॅगन्स किंवा पाथफाइंडरसारख्या टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळात (जिथे प्रत्येक खेळाडू एकेक पात्र खेळतो) दरोडेखोरांच्या म्होरक्याला जिवंत पकडायचं ठरतं आणि शेवटचा फटका नेमका पार्टीतल्या, म्हणजे खेळाडूंच्या गटातल्या, धनुर्धराच्या वाट्याला येतो. मग टेबलावर वाद. म्हणून एखाद्या योजनेसारखीच ही माहिती. मंजुरी देणारा अधिकारी एकच: तुमचा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर.

पात्रता
डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) शून्य हिट पॉइंट्सवर (पात्रात किती जीव उरलाय त्याचा आकडा) आणणारा हल्ला मेली, म्हणजे जवळून केलेला, असेल तरच शत्रूला बेशुद्ध करता येतं. २०२४च्या पुस्तकातही अट तीच. हत्याराचं नाव नाही, हल्ल्याचा प्रकार बघतात. त्यामुळे फेकलेला खंजीर अपात्र, पण हाताला हात लावून वीज सोडणारा मेली स्पेल अटॅक (जवळून केलेला मंत्राचा हल्ला) पात्र. धनुष्यच दांडक्यासारखं डोक्यात घातलंत तर तोही मेली हल्ला. मात्र डॅमेज, म्हणजे शत्रूला होणारी इजा, चार बाजूंच्या फाशाचं.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१९) मेलीची अट नाही. धनुष्यानेही चालतं, पण हल्ल्याच्या फाशातून २ वजा. बोलासारख्या (वजनं बांधलेली फेकायची दोरी) 'नॉनलीथल', म्हणजे जीव न घेणारा, गुण असलेल्या हत्याराला तीही वजावट नाही. पाथफाइंडरच्याच पहिल्या आवृत्तीत बोथट बाण मिळतात, पण ते वापरूनही ४ वजा होतातच. बोथट बाण घेतला म्हणजे काम झालं, असं समजणारे बरेच भेटतात.

कागदपत्रं
कॅरॅक्टर शीट (तुमच्या पात्राच्या माहितीचा कागद), त्यावर हत्याराचे गुण नीट लिहिलेले, आणि बोथट बाण असतील तर त्यांची वेगळी नोंद. रूलबुकची आवृत्ती आधी तपासा. निम्मे वाद दोन आवृत्त्यांची सरमिसळ झाल्याने होतात.

अर्ज कधी करायचा
इथेच बहुतेक अर्ज फेटाळले जातात. डंजन्समध्ये डॅमेज लागल्यावर, त्याच क्षणी सांगितलं तरी चालतं. पाथफाइंडरमध्ये वजावट फाशावर असल्याने फासा टाकण्याआधीच सांगावं लागतं. वीस बाजूंच्या फाशावर वीस पडल्यावर 'जिवंत हवा होता' म्हणणं म्हणजे मुदत संपल्यावर फॉर्म भरणं.

मंजुरीनंतर
२०१४च्या नियमात कैदी स्थिर राहतो (मरणाच्या दारात नसतो) आणि उपचार न केल्यास एक ते चार तासांनी १ हिट पॉइंट मिळून जागा होतो. २०२४मध्ये तो १ हिट पॉइंटवरच राहतो आणि तासाभराच्या शॉर्ट रेस्टनंतर शुद्धीवर येतो, तेव्हा दोरी जवळ ठेवा.

डंजन्समध्ये बाणासाठी सवलत हवीच असेल तर मोहीम सुरू होण्याआधी मागा. पाथफाइंडरची २ची वजावट उसनी घेणं मला रास्त वाटतं. डीएमने होकार दिला तर तोच नियम शत्रूच्या धनुर्धरांनाही लागू होईल.