पिंग

पिंग : जाळ्यातल्या एखाद्या संगणकापर्यंत संदेश पोहोचतो का आणि तिथून उत्तर परत येते का, हे पाहणारी आज्ञा, ती राबवणारा छोटा प्रोग्रामही याच नावाने ओळखला जातो. कार्यालयातला संगणक घरून किंवा दुसऱ्या शाखेतून लागत नाही अशी तक्रार आली, की तंत्रज्ञ बहुधा इथूनच सुरुवात करतात. एखाद्याला चटकन निरोप धाडणे हा ‘पिंग करणे’चा अर्थ नंतरचा.

हा प्रोग्राम माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. ते त्या वेळी अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधील बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत होते. प्रयोगशाळेचे नेटवर्क विचित्र वागू लागले, म्हणून एका संध्याकाळीत त्यांनी तो उभा केला; पण तो चालवण्याआधीच मूळ बिघाड सापडून दुरुस्त झाला होता. नावाबद्दल दोन मते आढळतात. इंटरनेटच्या अनेक शब्दसंग्रहांत ‘पॅकेट इंटरनेट ग्रोपर’ (अंधारात चाचपडणारा, अशा अर्थाचे) हे त्याचे पूर्ण रूप दिले आहे. मूस यांनी मात्र हे नाव सोनारवरून घेतल्याचे स्वतः लिहून ठेवले आहे : पाणबुडीतून सोडलेली ध्वनिलहर समोरच्या वस्तूवर आपटून परतते, तिचा तो टणत्कार. विद्यार्थिदशेत त्यांनी सोनार आणि रडार यांच्या प्रतिरूपणाचे काम केले होते. पूर्ण रूप इंटरनेटचे एक आद्य संशोधक डेव्ह मिल्स यांनी सुचवल्याचे मूस यांच्या केवळ कानावर आले होते. तेव्हा ते मागाहून जुळवलेले असावे, हेच अधिक ग्राह्य वाटते. मिल्स यांचे श्रेय निराळे आहे. जुलै १९८३ मध्ये नॉर्वेतील एका बैठकीत त्यांनी प्रतिध्वनी-संदेशांनी विलंब मोजण्याचे आपले काम सांगितले होते आणि मूस यांना कल्पना तिथूनच सुचली. म्हणजे पद्धत आधीची. प्रोग्राम आणि नाव मूस यांचे.

या संदेशांचे नियम जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आयसीएमपीच्या (जाळ्यातल्या अडचणी आणि चाचण्यांचे निरोप देण्याच्या नियमावलीच्या) सप्टेंबर १९८१ च्या दस्तऐवजात (आरएफसी ७९२) आहेत. प्रतिध्वनीची मागणी हा प्रकार ८ आणि तिचे उत्तर हा प्रकार ०. विंडोज एरवी ३२ बाइटांच्या चार मागण्या पाठवते. लिनक्स ५६ बाइटांच्या, आणि थांबवेपर्यंत पाठवतच राहते. उत्तरासोबत लागलेला वेळ आणि टीटीएल (संदेशाने आणखी किती राउटर ओलांडावेत याची मर्यादा) हा आकडा दिसतो. विंडोज तो सहसा १२८ पासून आणि लिनक्स ६४ पासून सुरू करते. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो.

न लागणाऱ्या संगणकाचा शोध घेताना मौनाचे प्रकार वेगळे ओळखावे लागतात, आणि नेमके इथेच घाईने निष्कर्ष काढले जातात. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ म्हणजे उत्तर आले नाही, एवढेच. संगणक बंद आहे असा त्याचा अर्थ नाही. ऑगस्ट २००४ मधल्या विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून फायरवॉल (बाहेरून येणारे संदेश गाळणारी यंत्रणा) मुळातच चालू असते आणि ती या मागण्या अडवू शकते. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हा निरोप आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरून आला, तर स्थानिक जाळ्यात त्या पत्त्याचा कोणी सापडलेला नसतो : यंत्र बंद, केबल निघालेली किंवा पत्ता चुकीचा. विंडोज अशा निरोपालाही मिळालेले उत्तर धरते, त्यामुळे खाली ‘० टक्के हानी’ दिसते आणि नवखा माणूस फसतो. पिंगला उत्तर नसूनही ‘एआरपी’च्या (कोणता पत्ता कोणत्या कार्डाचा, हे स्थानिक जाळ्यात विचारण्याच्या पद्धतीच्या) तक्त्यात त्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, नव्याने उमटला, तर निदान त्याचे नेटवर्क कार्ड जिवंत आहे. अर्थात काही कार्डे संगणक निद्रावस्थेत असतानाही एआरपीला उत्तर देतात.

उत्तर आले म्हणजे हवा तोच संगणक बोलला, असेही नाही. डीएचसीपीने (संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या व्यवस्थेने) पत्ता बदलला आणि घरच्या नोंदीत जुनाच राहिला, तर १९२.१६८.१.२५ वरून एखादा प्रिंटर इमानाने उत्तर देत राहतो. एकाच मजल्यावरून पिंग करताना विंडोजच्या यंत्राकडून १२८ ऐवजी ६४ टीटीएल दिसला, की इथे शंका घ्यावी. यंत्राला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर त्याला डीएचसीपी सर्व्हर भेटलेलाच नाही. १९२.१६८ सारखे खासगी पत्ते बाहेरच्या इंटरनेटवरून लागत नाहीत. घरून कार्यालयाचा सार्वजनिक पत्ता पिंग केला, तर बोलतो तो सहसा राउटर. म्हणून व्हीपीएन, म्हणजे घरच्या संगणकाला कार्यालयाच्या जाळ्यात आणणारा सुरक्षित मार्ग. पिंग व्यवस्थित असून दूरस्थ पडदा (कार्यालयातल्या संगणकाचा घरी दिसणारा पडदा) उघडत नसेल, तर तो दाखवणाऱ्या रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट ३३८९, म्हणजे त्या सेवेचे क्रमांकित दार, वेगळे तपासावे लागते. पिंगला पोर्ट नसतात.

केबलच्या दोषाबाबत मूस यांनी युझनिक्स या संगणक व्यावसायिकांच्या संघटनेच्या परिषदेत ऐकलेला एक प्रसंग नोंदवला आहे. एका प्रशासकाचे इथरनेट (केबलने जोडलेले स्थानिक जाळे) मधूनमधून तुटत होते. त्याने पिंगचे प्रत्येक उत्तर संगणकाच्या आवाजात ‘पिंग’ असे बोलायला लावले, ते स्टिरिओला जोडून आवाज सोसवेल तितका वाढवला आणि इमारतभर फिरत एकेक जोडणी हलवून पाहिली. आवाज जिथे थांबला तिथे दोष सापडला. आजही आरजे-४५ या नेटवर्क केबलच्या प्लगच्या तुटक्या खिट्टीने सैल झालेली केबल शोधताना, पिंग सतत चालू ठेवून तारा हलवणे हाच सोपा उपाय आहे.

१९९६ च्या सुमारास ‘पिंग ऑफ डेथ’ या प्रमाणाबाहेर मोठ्या संदेशाने संगणक कोसळू लागले आणि आयसीएमपी सरसकट बंद करण्याची सवय पुढे फोफावली. ही सवय घातक आहे. संदेश वाटेत मावत नाही, हे कळवणारा निरोपही आयसीएमपीचाच. तो अडला की व्हीपीएन जोडला जातो, साधा पिंग येतो आणि दूरस्थ पडदा काळाच राहतो. पडताळणीसाठी विभाजन मनाई करून (संदेशाचे वाटेत तुकडे होऊ न देता) १,४७२ बाइटांचा पिंग द्यावा. पुढे जोडल्या जाणाऱ्या २८ बाइटांच्या शीर्षांसह तो १,५०० होतो, आणि साध्या इथरनेटची मर्यादा तेवढीच. पीपीपीओई (नाव व पासवर्ड देऊन सुरू होणाऱ्या ब्रॉडबँड) जोडणीवर १,४९२ हीच मर्यादा असल्याने तिथे १,४६४ पुढे जात नाही, आणि व्हीपीएनमधून त्याहूनही कमी.