पावतीवरचे नाव आणि परडीतले पीठ

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात गावची यात्रा जवळ आली की घरोघर पट्टी गोळा केली जाते आणि पावती बहुधा कर्त्या पुरुषाच्या नावाने फाडली जाते. त्याच दारात मंगळवारी किंवा शुक्रवारी यल्लम्माची जोगतीण जोगवा मागायला आली, तर तिच्या परडीत मूठभर पीठ घालते ती घरची बाई, आणि त्या पिठाची नोंद कोठेही होत नाही. म्हणूनच दानशूर कोण, पुरुष की स्त्री, हे देणगीदारांच्या फलकावरून ठरवता येत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न प्रयोगशाळेत नेला. एका व्यक्तीच्या हाती ठरावीक रक्कम द्यायची आणि तिच्यातील किती भाग अनोळखी माणसाला द्यायचा, हे तिलाच ठरवू द्यायचे, अशी ही साधी रीत आहे. कॅथरीन एकेल आणि फिलिप ग्रॉसमन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोणी किती दिले हे पूर्णपणे गुप्त राहत होते. तेथे स्त्रियांनी पुरुषांच्या सुमारे दुप्पट रक्कम दिली. मात्र 2001 मध्ये जेम्स अँड्रिओनी आणि लिसे वेस्टरलुंड यांनी दानाची किंमतच बदलून पाहिली, म्हणजे आपण एक रुपया सोडला की समोरच्याला कधी त्याहून जास्त मिळे, कधी कमी. दान स्वस्त असताना पुरुषांनी अधिक दिले, ते महाग झाले तेव्हा स्त्रियांनी. सगळे स्वतःकडे ठेवणारे आणि सगळे देऊन टाकणारे, अशा दोन्ही टोकांना पुरुष अधिक आढळले. स्त्रियांचा कल सारखे वाटे करण्याकडे होता. या विषयातला हा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ‘अधिक उदार कोण’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे त्याने दाखवून दिले.

मागणारा दारात उभा असणे, हीसुद्धा एक परिस्थितीच आहे. शिकागोच्या उपनगरांत संशोधकांनी घरोघर देणगी मागितली, तेव्हा स्त्री-पुरुषांनी सारखेच दिले. परंतु आदल्या दिवशी सूचना देऊन मागणाऱ्याला टाळण्याची सोय केली, तेव्हा स्त्रियांचे दान अधिक घटले. दारातल्या माणसाला नाही म्हणणे त्यांना अधिक जड जात असावे, असा याचा अर्थ लावता येतो.

झुरिकच्या संशोधकांनी 2017 मध्ये मेंदूतील डोपामीन या, बक्षीस मिळाल्याच्या भावनेशी जोडलेल्या रसायनाचे कार्य औषधाने रोखले, तेव्हा स्त्रिया अधिक स्वार्थी आणि पुरुष अधिक उदार निर्णय घेऊ लागले. हा फरक जन्मजातच असतो असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. वाटून खाणाऱ्या मुलीला लहानपणापासून मिळणारी शाबासकीही मेंदूला तसे वळण लावू शकते, हे त्या संशोधकांनीच मांडले आहे.

यापुढचा प्रश्न पैसा कोणाच्या हाती आहे, हा. कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेतून 2023 पासून कुटुंबप्रमुख महिलेच्या खात्यात दरमहा 2000 रुपये जमा होऊ लागले. पुढच्याच वर्षी रायबाग तालुक्यातील एका वृद्धेने साठवलेल्या या पैशांतून गावाला पुरणपोळीचे जेवण घातले आणि त्याची बातमी झाली. एका उदाहरणावरून नियम निघत नाही. पण स्वयंपाकघरातून मूठमूठ जाणारे दान कोणी मोजत नाही आणि खात्यातून गेलेले दान तिच्या नावावर लागते, एवढे मात्र त्यातून दिसते.