अग्निवीर भरती: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मुलांसाठी पात्रता, मैदान आणि कागदपत्रं

ज्ञानेश्वर नावाचा मुलगा आमच्या सेंटरवर अग्निवीरचा, म्हणजे सैन्यातल्या चार वर्षांच्या भरतीचा, फॉर्म भरायला आला, की मी आधी त्याचं आधार आणि दहावीचं मार्क्स कार्ड शेजारी-शेजारी ठेवतो. आपल्या मराठीत ज्ञ इंग्रजीत लिहायचा तर डी-एन-वाय. पण शाळेत नाव चढवताना कानडी वळणाचा हात असेल तर तोच ज्ञ जे-एन-ए होऊन बसतो. एकाच पोराची दोन नावं. साइटवर नाव टाकायचं ते दहावीच्या कार्डाप्रमाणे, आणि आधारही त्याच्याशी जुळलं पाहिजे. त्यामुळे फॉर्म सुटायची वाट बघू नका. आधार दुरुस्तीला आजच जा. मैदानावर रोज पहाटे घाम गाळणारी पोरं मी या एका अक्षरापायी रडकुंडीला आलेली बघितली आहेत.

आता मूळ प्रक्रिया. २०२३ पासून क्रम उलटा झाला आहे. आधी संगणकावरची सामाईक परीक्षा, आणि तिच्यात निवड झाली तरच मैदान. फॉर्म जॉइन इंडियन आर्मीच्या साइटवर भरायचा, साधारण फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये सुटतो. फी २५० रुपये. परीक्षेसाठी पाच केंद्रांचे पर्याय द्यावे लागतात. २०२५ च्या जाहिरातीत परीक्षा १३ भाषांत होती, त्यात मराठीही होती आणि कानडीही. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी भाषा निवडताना लाजू नये. उगाच इंग्रजी निवडून वेळ घालवणारे दरवर्षी भेटतात.

एक घोळ नेहमीचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे, म्हणून लोकांना वाटतं फॉर्म तिथेच द्यायचा. तसं नाही. सेंटर प्रशिक्षणाचं. फॉर्म ज्याच्या खाती जातो ते बेळगावचं सैन्य भरती कार्यालय वेगळं. बेळगावबरोबर बिदर, कलबुर्गी, रायचूर, यादगिर आणि कोप्पळ हे जिल्हे या कार्यालयाकडे येतात. म्हणजे औराद-भालकीचा मराठी मुलगा इतक्या लांबून बेळगावच्या यादीत, आणि खानापूरला चिकटलेल्या हल्याळचा मात्र उत्तर कन्नडमुळे मंगळूरच्या यादीत. नकाशा बघून अंदाज बांधू नका, जिल्हा बघा. तुम्ही अकॅडमीसाठी कोल्हापुरात राहत असलात तरी अर्ज रहिवासी दाखल्यावरच्या जिल्ह्यातूनच.

उंचीतही हीच गोष्ट. जनरल ड्युटीसाठी (साध्या जवानाची जागा) कर्नाटकाच्या मुलाला १६६ सेंटिमीटर लागतात, महाराष्ट्राच्या मुलाला १६८. बाचीचा मुलगा १६६ वर पात्र, आणि रस्त्यानं पुढं गेलं की शिनोळीचा मुलगा त्याच उंचीला बाहेर. सीमेनं आपल्याला फार काही दिलं नाही, पण हे दोन सेंटिमीटर दिलेत. टेक्निकलला आपल्याकडे १६५, क्लार्कला १६२. छाती ७७ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान ५ ची वाढ. वजन उंची आणि वयाच्या तक्त्याप्रमाणे. आजी-माजी सैनिकांच्या मुलांना उंचीत २ सेंटिमीटर, छातीत १ आणि वजनात २ किलो सूट आहे. पण त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसचा नातेसंबंधाचा दाखला लागतो आणि वडिलांच्या डिस्चार्ज बुकात मुलाचं नाव असावं लागतं. घरात बाबांचा फोटो युनिफॉर्ममध्ये लावलेला असतो, पण त्या बुकात मुलाचं नाव चढवलेलंच नसतं, असंही होतं.

शिक्षणाचं गणित आपल्या एसएसएलसीवर (कर्नाटकाची दहावी) मांडून सांगतो. जनरल ड्युटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. आपल्याकडे एकूण गुण ६२५ (पहिली भाषा १२५ ची, बाकीचे पाच विषय १०० चे). ४५ टक्के म्हणजे २८१.२५, तेव्हा २८२ तरी हवेत. टेक्निकलला बारावी सायन्स, एकूण ५० टक्के आणि विषयवार ४०. क्लार्कला बारावी कुठल्याही शाखेची, पण एकूण ६० आणि विषयवार ५०. ट्रेड्समनमध्ये आठवी आणि दहावी पास अशा वेगळ्या जागा निघतात. वयोमर्यादा जाहिरातीत जन्मतारखा देऊनच छापतात. भाऊ मागच्या वर्षी बसला होता म्हणून त्याच्या तारखांवर विसंबू नका. मुलगा अविवाहित असला पाहिजे. १८ पूर्ण नसतील तर भरतीच्या कागदांवर आईवडिलांची सही लागते.

मैदानावर सैन्य नेमकं काय मोजतं, हे समजून घेतलं तर सराव नीट होतो. १.६ किलोमीटर धाव म्हणजे दमाची परीक्षा, हृदय आणि फुप्फुस किती वेळ तग धरतात ते. बीम, म्हणजे दांड्याला लटकून अंग वर ओढणं, ही खांदे, पाठ आणि दंडाची ताकद. ९ फुटी खड्डा म्हणजे पायांची झेप आणि झिगझॅग, म्हणजे अरुंद नागमोडी पट्टीवरून चालणं, हा तोल. शेवटच्या दोन्हींना गुण नाहीत, पण पार करावेच लागतात. गुण फक्त धाव आणि बीमला, ६० आणि ४०.

५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत आलात तर ६०. ५:३१ ते ५:४५ मध्ये ४८. २०२५ पासून त्यापुढे आणखी दोन गट आले: ६ मिनिटांपर्यंत ३६ आणि ६:१५ पर्यंत २४. बीमचे १० काढले तर ४०, ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१ आणि ६ ला १६. सहाच्या खाली घरी.

आता हिशोब करा. ५:३० ऐवजी ५:३१ झालं की १२ गुण गेले. तेवढेच गुण बीमवर घालवायचे तर जवळजवळ दोन बीम कमी काढावे लागतील. म्हणून माझं मत असं, की ज्याचे आठ बीम होतात त्यानं दहाच्या मागे जीव काढण्याआधी धावेतले शेवटचे दहा सेकंद कमी करावेत. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या होतात. साडेपाच मिनिटांसाठी प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत पडली पाहिजे. आपली पोरं पहिली फेरी सत्तरात मारतात, गर्दीतून पुढं निघायचं म्हणून, आणि तिसऱ्या फेरीत पोटात गोळा धरून चालायला लागतात. घड्याळ मनगटावर बांधून सराव करा, आणि डांबरी रस्त्यावर नव्हे, मातीवर. बीमवर झोका घेऊन काढलेला मोजत नाहीत. हात पूर्ण सरळ, हनुवटी दांड्याच्या वर, तेव्हा एक.

उंची काठावरची असेल तर घरी सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा मोजा. दिवसभर उभं राहून मणक्यातल्या चकत्या दबतात आणि माणूस सेंटिमीटरभर खाली येतो. मापाच्या दिवशी केस बारीक, पाय अनवाणी.

मुलींसाठी मिलिटरी पोलिसांत अग्निवीर भरती होते. उंची १६२, १.६ किलोमीटर ७:३० मध्ये पहिला गट आणि ८ मिनिटांपर्यंत दुसरा, लांब उडी १० फूट, उंच उडी ३ फूट.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त धावपळ होते ती दाखल्यांची. रहिवासी आणि जातीचा दाखला तहसीलदारांचा, नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय). फोटो असलेला हवा. सैन्यात जातीचं आरक्षण नाही, तरी दाखला मागतात, म्हणून मराठा मुलांनी थ्री-बी चा (कर्नाटकातला मराठ्यांचा मागासवर्गीय गट) काय उपयोग म्हणून सोडू नये. दाखल्यात धर्म लिहिलेला नसेल तर धर्माचा वेगळा दाखला. चारित्र्याचे तीन: शाळेचा, गावचा आणि पोलिसांचा. पोलिसांचा सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या साइटवरून काढता येतो. गावचा चारित्र्याचा आणि अविवाहित असल्याचा दाखला गेल्या सहा महिन्यांतलाच आणि फोटोसहित.

इथे आपल्याकडची एक अडचण. जाहिरातीत सरपंच म्हणतात, आणि कर्नाटकात ग्रामपंचायतीला सरपंच नसतो, अध्यक्ष असतो. एका पंचायतीत आमच्या मुलाला ‘आमच्याकडे सरपंच नाही’ म्हणून दोनदा परत पाठवलं. अध्यक्षांची सही आणि गोल शिक्का घ्या, खाली पद स्पष्ट लिहून घ्या. मजकूर इंग्रजीत टाइप करून न्या, नाहीतर कानडीत हातानं लिहून देतात आणि मैदानावरच्या परप्रांतीय साहेबाला तो वाचता येत नाही.

याशिवाय मूळ मार्क्स कार्डं, आधार, पॅन, बँक पासबुक, एनसीसी किंवा खेळाची प्रमाणपत्रं असतील तर ती, जाहिरातीतल्या नमुन्याबरहुकूम नोटरीचं प्रतिज्ञापत्र आणि प्रवेशपत्राची स्वच्छ छापील प्रत. फोटो २०, पांढऱ्या पार्श्वभूमीचे, तीन महिन्यांच्या आतले, मोबाइलवर गोरे न केलेले. सगळ्याच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगवेगळ्या फायलीत. जुन्या कागदावर जिल्हा ‘बेळगाम’ असेल तर घाबरू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव ‘बेळगावी’ झालं, त्याआधीचे कागद तसेच असणार. मात्र नवा फॉर्म भरताना यादीतलं ‘बेळगावी’च निवडा.

गोंदणाचंही बघून घ्या. हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि तळहाताच्या मागे चालतं, बाकी ठिकाणी नाही. जत्रेत दंडावर गोंदवून घेतलेली तलवार घेऊन परवाच एक जण फॉर्म भरायला आला होता.