एअर कॉम्प्रेसर पंपाचं ऑइल आणि मेंटेनन्स

टाकीवर बसवलेला जो पिस्टनवाला भाग हवा दाबून टाकीत भरतो त्याला एअर कॉम्प्रेसरचा पंप म्हणतात. मोटर बेल्टने त्याची मोठी पुली फिरवते, आत क्रँकशाफ्ट फिरते, पिस्टन खालीवर होतो, बस्स एवढंच. मशीन तसं साधं आहे आणि नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं चालतं, पण ऑइलकडे दुर्लक्ष केलं तर जाम व्हायला वेळ लागत नाही.

बऱ्याच छोट्या पंपांत इंजिनासारखा वेगळा ऑइल पंप नसतोच, हे आधी समजून घ्यायला हवं. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी दांडी असते, तिला डिपर म्हणतात. प्रत्येक फेऱ्याला ती खालच्या क्रँककेसमधल्या, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्या पेटीत फिरते तिच्यातल्या ऑइलमध्ये बुडते आणि ऑइल उडवते, आणि ते उडालेलं ऑइलच सिलिंडर, पिस्टन पिन, बेअरिंग सगळीकडे पोचतं. म्हणजे लेव्हल जरा जास्त खाली गेली की डिपर ऑइलपर्यंत पोचतच नाही, आणि वरचा गेज मात्र नेहमीसारखंच प्रेशर दाखवत राहतो. तो गेज टाकीतल्या हवेचा असतो, ऑइलचा नाही, त्यामुळे त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. क्रँककेसवरच्या छोट्या काचेतून ऑइलची लेव्हल रोज बघायची, मशीन बंद असताना आणि सपाट जागी. काचेवर लाल ठिपका असेल तर ऑइल साधारण त्या ठिपक्याच्या मध्यावर हवं. जास्त भरून ठेवणंही वाईटच, जास्तीचं ऑइल पिस्टनच्या रिंगांवरून वर चढतं आणि हवेबरोबर टाकीत जातं, मग त्या हवेने स्प्रे पेंटिंग केलं तर रंगात डोळ्यासारखे खड्डे पडतात.

ऑइल कुठलं घालायचं यावर लोक फार वाद घालतात. शेवटचा शब्द मॅन्युअलचा, पण बहुतेक पिस्टन पंपांना डिटर्जंट नसलेलं कॉम्प्रेसर ऑइल लागतं, साधारण आयएसओ व्हीजी १०० ग्रेडचं, थंड हवामानात व्हीजी ६८. हा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सियसला ऑइल किती घट्ट आहे त्याचं माप. गाडीचं इंजिन ऑइल का नको, तर त्यातलं डिटर्जंट घाण तरंगती ठेवतं, जेणेकरून ती फिल्टरमध्ये अडकावी, आणि इथे ऑइल फिल्टरच नाही! इथे घाण तळाला बसायला हवी आणि ऑइल काढताना बाहेर पडायला हवी. शिवाय दाबलेली हवा हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातून बाहेर पडताना १५० अंशांच्या वर सहज जाते, त्या उष्णतेत चुकीचं ऑइल जळून हवा आतबाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर कार्बन बसतो, मग व्हॉल्व्ह नीट बंद होत नाहीत, गरम हवा परत आत येते, पंप अजून तापतो, आणि तापला की कार्बन अजून वाढतो.

दुसरा शत्रू पाणी. काचेतलं ऑइल दुधाळ दिसलं तर समजायचं की त्यात पाणी मिसळलंय. हे बहुतेक वेळा पंप थोडाथोडाच वेळ चालवल्यामुळे होतं, बॉडी पुरेशी गरम होत नाही आणि हवेतली वाफ क्रँककेसमध्येच थंड होऊन पाणी होते. असं ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही, ते काढूनच टाकायचं, आणि पुढे पंप अधूनमधून चांगला गरम होईपर्यंत चालवायचा.

नवीन पंपात रिंगा बसताना धातूचा बारीक चुरा निघतो म्हणून पहिलं ऑइल लवकर बदलतात, अनेक मॅन्युअलमध्ये ५० तास दिलेले असतात. नंतर साध्या मिनरल ऑइलला साधारण ५०० तास किंवा काही महिने, जे आधी होईल ते, सिंथेटिक जास्त टिकतं. बदलताना पंप कोमट असावा म्हणजे घाण ऑइलबरोबर वाहून जाते. मिनरल आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळायचं नाही.

एअर फिल्टर तुंबला तर पंप हवा ओढताना जोर लावतो, ऑइलही वर खेचलं जातं, म्हणून धुळीच्या जागी फिल्टर वारंवार बघावा. बेल्ट मध्यावर बोटाने दाबला तर साधारण १० ते १२ मिमी खाली जावा, फार आवळला तर बेअरिंग जातं, सैल असेल तर घसरतो. पुलीची फिरायची दिशाही तपासायची, तिच्या पात्यांचा वारा पंपावर यायला हवा, थ्री फेज मोटरचं कनेक्शन उलटं झालं की तीच दिशा बदलते. टाकीखालचा ड्रेन कॉक रोज उघडून पाणी काढायचं, नाहीतर टाकी आतून गंजत जाते आणि प्रेशरखालची गंजलेली टाकी खरोखर जीवघेणी असते. कुठलंही काम करायच्या आधी वीज बंद आणि टाकीतली सगळी हवा मोकळी, यात सूट नाही.

ऑइल-फ्री पंपांची गोष्ट वेगळी. त्यांच्या रिंगा टेफ्लॉनसारख्या मटेरियलच्या असतात आणि त्या कोरड्याच घासतात, बेअरिंगमध्ये ग्रीस कायमचं बंद केलेलं असतं, त्यामुळे तिथे वरून ऑइल घालायचं नाही. फिल्टर साफ ठेवायचा, टाकीचं पाणी काढायचं, आणि प्रेशर भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला तर व्हॉल्व्ह आणि लीकेज तपासायचं, ते ठीक असेल तर रिंग आणि सिलिंडरचा सेट बदलायचा.