शब्दांचा फेरफार

माझी आत्या गंगाखेडची. गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि आषाढीच्या आधी शेगावची पालखी गावात आली की तिच्या घरची चूल दिवसभर विझत नाही. दोनेक वर्षांपूर्वी तिनं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुठल्याशा सरकारी योजनेचा व्हिडिओ पुढं ढकलला. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या चुलतभावानं लगेच टोमणा हाणला, "आत्या, तू पण भक्त झालीस का?" आत्याला टाइप करायचा कंटाळा, म्हणून तिनं आवाजातच उत्तर पाठवलं: "आता कुठं रे बाबा? चाळीस वर्षं झाली की माळ घालून."

ग्रुप हसून लोळला. मीही हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. शब्द एकच, घर एकच आणि अर्थ मात्र दोन, एकमेकांच्या तोंडाकडं न बघणारे. नरसीचे नामदेव आणि गंगाखेडची जनाबाई ज्या मुलखातली, तिथं 'भक्त' ही माणसाला मिळू शकणारी सगळ्यात मोठी पदवी. चुलतभावाच्या फोनमधला भक्त म्हणजे एखाद्या नेत्याचं सगळं डोळे मिटून खरं मानणारा माणूस. चांगला शब्द असा घसरतो, त्याला भाषाशास्त्रात अर्थापकर्ष म्हणतात. पण नाव दिलं म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही.

शब्दाला सातबारा नसतो. त्याचा मालक कोण, याचा दाखला कुठल्याच तलाठ्याकडं मिळत नाही. शब्दाकामी चालते ती फक्त वहिवाट. जो रोज कसतो, त्याचा शब्द. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली हीच गोष्ट त्यांच्या पद्धतीनं मांडली होती: शब्द ओळखायचा तर तो कुणाच्या संगतीत दिसतो ते बघा. आपल्याकडं हे बैलजोडीवरून फार आधी सांगून झालंय. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. शब्दांचंही तसंच. 'भक्त'च्या आजूबाजूला विठ्ठल, दर्शन, रांग, भाव असे शब्द येत राहिले तोवर तो एका गुणाचा होता. फोनमध्ये त्याच्या शेजारी 'आंधळे', 'झुंड', 'मेंदू गहाण' येऊन बसले आणि दहाबारा वर्षांत त्याला त्यांचा गुण लागला. लहान मूल शब्दकोश पाठ करून भाषा शिकत नाही, ते वाक्यं ऐकतं. आज सतरा वर्षांच्या पोराच्या कानावर आणि डोळ्यावर कोणती वाक्यं जास्त पडतात, यावर त्या शब्दाचं पुढचं आयुष्य ठरतं.

यात एक बारकी मेख आहे. ज्यांना राजकीय अर्थानं भक्त म्हटलं जातं, ते स्वतःबद्दल तो शब्द फारसा वापरत नाहीत. म्हणजे त्या अर्थाची जवळजवळ सगळी वाक्यं विरोधकांच्या तोंडची. शब्द तृतीयपुरुषातच जगू लागला, 'आम्ही'च्या वाक्यातून उठून कायमचा 'ते'च्या वाक्यात राहायला गेला, की त्याची घसरण ठरलेलीच. पलीकडच्या बाजूला 'पुरोगामी'चं हेच झालं. पुरोगामी म्हणजे पुढं जाणारा. स्वतःला तसं म्हणवणारे लोक तो शब्द भाषणात, अग्रलेखात, वर्षातून चार वेळा वापरायचे. त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी तो दिवसातून चाळीस वेळा वापरला. वहिवाट कुणाची झाली, सांगायला नको.

त्यात मराठी ही मोडतोडीला फार सोयीची भाषा. 'पुरोगामी'चा 'फुरोगामी' करायला एक अक्षर पुरतं, आणि तो 'फु' नुसता येत नाही. फुसका, फुकाचा, फुगलेला अशी सगळी भावकी घेऊन येतो. 'विचारवंत'मधला 'वं' काढून 'जं' घातला की विचारजंत. 'सेक्युलर'चा 'सिक्युलर' झाला की इंग्रजीतलं आजारपण आपोआप चिकटलं. इकडून हे गेलं तर तिकडून संघवाल्यांसाठी 'संघोटा' येतो. काहीच सुचलं नाही तर आपली जुनी युक्ती आहेच: चहाबिहा, पाणीबिणी, तसं 'पुरोगामी-बिरोगामी'. त्या 'बि'मध्ये केवढी तुच्छता मावते! आणि नपुंसकलिंग राहिलंच. 'तो भक्त आला' आणि 'आलं बघ ते भक्त' यातला फरक मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. आम्ही लाडानंही माणसाचं नपुंसकलिंग करतो आणि रागानंही, आवाजावरून कळतं. फोनवरच्या अक्षरांना मात्र आवाज नसतो, आणि आत्याच्या ग्रुपवरची निम्मी भांडणं तिथंच पेटतात.

अशा मोडक्या शब्दाचा फायदा असा की त्याच्यासोबत मुद्दा द्यावा लागत नाही. 'तुमचं हे म्हणणं अमुक कारणानं चूक आहे' यात वाद घालायला जागा असते. 'फुरोगामी' यात नसते. गंमत कळली तो आपला, नाही कळली तो त्यांचा.

हे सगळं फोननं आणलं असं मात्र नाही. 'पुढारी' बघा. अर्थ तोच, पुढं असणारा. आणि गावात कुणाला 'लई पुढारी झालास का रं?' म्हटलं तर तो मान समजून खुर्चीत बसत नाही. त्या शब्दाला घसरायला काही दशकं लागली, चावडीवर आणि पारावर, हळूहळू. त्याहून जुनं उदाहरण निजामाच्याच राज्यात सापडलं. १९१५ साली रायचूर जिल्ह्यातल्या मस्कीला एका खडकावर अशोकाचा लेख मिळाला. इतर बहुतेक लेखांत राजा स्वतःला नुसतं 'देवानंपिय' म्हणजे देवांचा लाडका म्हणवतो. मस्कीच्या लेखात त्यापुढं 'अशोक' हे नावही होतं, आणि देवानंपिय म्हणजे अशोकच हे त्यातून पक्कं झालं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ही सम्राटाची पदवी होती. पाणिनीचं एक सूत्रच अपमानाच्या शब्दांसाठी आहे, 'षष्ठ्या आक्रोशे'. समास निंदेसाठी केला असेल तर षष्ठीचा प्रत्यय लोपत नाही, असं ते सांगतं. नंतरच्या व्याकरणपरंपरेनं त्याच ठिकाणी 'देवानांप्रिय' आणून बसवला, कारण त्यातली 'देवानां' ही षष्ठी तशीच राहते, आणि सतराव्या शतकातल्या सिद्धान्तकौमुदीत त्याचा अर्थ सरळ 'मूर्ख' असा दिला आहे. सम्राट ते मूर्ख, आणि तेही व्याकरणाच्या पुस्तकात, शांतपणे, उदाहरण म्हणून.

मग फोननं नवीन काय केलं? वेग वाढवला, आणि घसरणीला बक्षीस लावलं. अमेरिकेतल्या विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये साडेपाच लाखांहून जास्त ट्विटं तपासली. विषय तिथल्या राजकारणातले, बंदुका, समलिंगी विवाह आणि हवामानबदल. नीती आणि भावना एकत्र भडकवणारा एक शब्द वाढला की ते ट्विट पुढं ढकललं जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं. २०२१ मध्ये स्टीव्ह राथजे आणि सहकाऱ्यांनी २७ लाख पोस्ट पाहिल्या. तिथं विरोधी गटाचा उल्लेख करणारा एकेक शब्द वाढला की पोस्ट पुढं जाण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. स्वतःच्या बाजूबद्दल बोलून एवढं मिळत नाही. म्हणजे 'ते' हा शब्द धंद्याचा आहे. आपण रागावलो म्हणून बटण दाबतो, पण कोणत्या शब्दाला दाद मिळते हे लिहिणाऱ्याला कळतं आणि पुढच्या वेळी तो तोच शब्द आधी टाकतो.

'ते' तयार करायला खरं कारणही लागत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री टाजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, पॉल क्ले आणि कँडिन्स्की. नंतर 'तू क्लेवाला, तू कँडिन्स्कीवाला' असं सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी आवडीवरून नव्हतीच, चिठ्ठ्या टाकल्यासारखी होती. मुलांना एकमेकांत पैसे वाटायला दिले. त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, हे अपेक्षितच. पण आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, दोघांतलं अंतर मोठं राहिलं पाहिजे, असाही कल दिसला. ब्रिस्टलच्या संशोधकांना याचं नवल वाटलं. बांध कोरण्यावरून वीस वर्षं कोर्टात जाणारी भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला ते वाटू नये.

लेबलाचा खरा काटा व्याकरणात आहे. सुझन गेलमन आणि गेल हेमन यांनी १९९९ मध्ये पाच आणि सात वर्षांच्या मुलांना एका मुलीची गोष्ट सांगितली. काहींना सांगितलं, 'ती मिळेल तेव्हा गाजर खाते'. काहींना सांगितलं, 'ती गाजरखाऊ आहे'. मग विचारलं, घरच्यांनी अडवलं तरी ती पुढंही गाजर खाईल का? 'गाजरखाऊ' ऐकलेल्या मुलांना ती सवय जास्त पक्की वाटली. क्रियापदातून माणूस उठून जाऊ शकतो, नामातून बाहेर पडायला दार नसतं. 'यावेळी त्यानं अमक्या पक्षाला मत दिलं' म्हटलं तर पुढच्या वेळी तो बदलू शकतो. 'तो भक्त आहे', 'तो फुरोगामी आहे' म्हटलं की झालं, आता ते रक्तात गेलं.

आणि रक्तापर्यंत गेलेला शब्द बघायचा तर मराठवाड्याला लांब जावं लागत नाही. रझाकार. मूळ अर्थ अगदी निरुपद्रवी: 'रझा' म्हणजे मर्जी, संमती, आणि 'कार' म्हणजे करणारा. राजीखुशीनं काम करणारा, स्वयंसेवक. ऑफिसात आपण मागतो ती रजा आणि मंत्री देत नाहीत तो राजीनामा, दोघं याच भावकीतले. हैदराबाद संस्थानात हे नाव घेतलेल्या सशस्त्र दलाचा नेता कासीम रझवी लातूरचा वकील. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य आत आलं, १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली, आणि त्या आधीच्या काळात गावोगाव जे झालं त्यानं शब्दाचा फेरफार कायमचा मंजूर केला. माझ्या आजीकडून 'ही काय रझाकारी लावली' हे वाक्य मी राजकारणासाठी नाही, धाकट्या चुलत्यानं ताटातलं धपाटं पळवलं म्हणून ऐकलंय.

आजीचं ठीक होतं, तिनं ते दिवस पाहिले होते. आज हाच शब्द फोनवरून अशा पोरांना फेकून मारला जातो, ज्यांचे आजोबाही तेव्हा शाळेत असतील, आणि फेकायला कारण फक्त त्यांचं नाव. १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. भारतात विलीन व्हा असं ते लिहीत होते, आणि मारणारे रझाकारच होते. लेबलात एवढा तपशील मावत नाही. मावला असता तर ते लेबल राहिलं नसतं.

याच शब्दाचं दुसरं आयुष्य ढाक्यात आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराच्या मदतीला उभ्या केलेल्या दलाचं नाव रझाकार होतं, म्हणून बांगलादेशातही ती जहरी शिवी झाली. जुलै २०२४ मध्ये नोकऱ्यांतल्या आरक्षणावरून विद्यार्थी रस्त्यावर आले, पंतप्रधान शेख हसीना यांच्या बोलण्यात त्यांच्या संदर्भात रझाकारांच्या नातवंडांचा उल्लेख आला, आणि त्याच रात्री विद्यापीठात घोषणा घुमली: तू कोण, मी कोण? रझाकार, रझाकार! शिवी अंगावर ओढून घेतली की फेकणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. शब्द तृतीयपुरुषातून पुन्हा प्रथमपुरुषात आला. ५ ऑगस्टला हसीना देश सोडून गेल्या. अर्थात घोषणेमुळं नव्हे, पण घोषणा लोकांच्या लक्षात राहिली.

आता शब्द शिवी म्हणून आलाय की साधा, हे ओळखायचं काम यंत्रांना दिलं जातंय. यंत्रांना मराठी शिकवणाऱ्या पुण्यातल्या एल३क्यूब या संशोधक गटानं २०२२ मध्ये २५ हजारांहून जास्त मराठी ट्विटांचा संच तयार केला, माणसांकडून वाचून घेऊन द्वेषाचं, अपमानाचं, शिवीगाळीचं आणि साधं असे चार ढीग लावले. यंत्र शिकतं ते फर्थ यांच्याच वाटेनं, शेजार बघून. 'विठ्ठलाचे भक्त' आणि 'मेंदू गहाण टाकलेले भक्त' यातला फरक त्याला कळतो. पण 'आत्या, तू पण भक्त झालीस का?' यात शेजारी बघायला काय आहे? तिथं आत्या कोण, माळ कधी घातली, चुलतभाऊ कोणत्या पेठेत राहतो, हे ठाऊक असावं लागतं.

माणसांनी काढलेला उपाय जास्त ओबडधोबड होता. बीडमध्ये जातींवरून वातावरण इतकं तापलं की २०२५ मध्ये पोलिसांच्या छातीवरच्या पट्टीवरून आडनाव काढून फक्त नाव ठेवलं. ज्या जिल्ह्यात आडनाव वाचूनच समोरचा साहेब आपला की त्यांचा हे ठरू लागलं, तिथं आडनाव हेच लेबल झालं होतं. आडनाव काही शिवी नव्हे. भक्तही नव्हता.

गेल्या आषाढीला एका स्मरणिकेसाठी मी गंगाखेडच्या पालखीवर दोन पानं लिहिली. 'भक्तांची रांग गोदावरीच्या घाटापर्यंत गेली होती' असं पहिल्यांदा लिहिलं. मग भलताच अर्थ नको म्हणून 'भक्तांची' खोडून 'भाविकांची' केलं. छापून आल्यावर आत्यानं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाली, चांगलं लिहिलंस, पण आम्ही फक्त भाविक कधीपासून झालो?